मेंढरांच्या कोठ्याशेजारची खोली

भागरथाबाई, आज तुला मध्ये बोलता यायचं नाही. ओळख झाल्यापासून अशी संधी मला पहिल्यांदाच मिळते आहे, आणि ती या तऱ्हेने मिळावी हे मला मुळीच आवडलेलं नाही. पण मिळालीच आहे, तर बोलून घेते. तुझी तेरवी उरकून मी गोंदियाला भावाच्या घरी परत आले आहे. दुपारची वेळ आहे, सगळे झोपले आहेत, कूलरची घरघर चालू आहे, आणि आपलं भांडण अर्धवट पडलं आहे.

तेरवीला लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते, माणूस गेल्यावर बोलतात तसं. मायाळू होती, दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही, मेंढरांवर लेकरांसारखा जीव लावला. सगळं खरं आहे. पण तू किती बोलायचीस, हा विषय एकानेही काढला नाही. तुझी जीभ कधी टाळ्याला लागायची नाही, हे सांगितल्याशिवाय तुझी आठवण पुरी कशी होईल? तू मेंढरांशी बोलायचीस, चुलीशी बोलायचीस, भाकर करपली तर त्या भाकरीलाच जाब विचारायचीस. तुझ्या नवऱ्याने, मोतीरामभाऊंनी, सगळ्या संसारात जेवढे शब्द वापरले असतील तेवढे तू एका सकाळी सांडून मोकळी व्हायचीस. आणि अशा बाईच्या घरी मी आले ती डॉक्टरने घातलेली बोलण्याची बंदी घेऊन.

तशी ओळख आपली आधीची. मी पडले नाटकवाली. दिवाळी झाली की आमची गाडी निघते ती गुढीपाडव्यापर्यंत थांबत नाही. आज नवेगाव बांधच्या बाजूला, उद्या सालेकशाच्या जंगलात, परवा कामठ्याकडच्या कुठल्या मंडईच्या जत्रेत. रात्रभर नाटक करायचं आणि दिवसा मिळेल तिथे झोपायचं. गावात पोचलं की पुरुष कलाकार शाळेत नाही तर ग्रामपंचायतीत अंग टाकतात. बायांना मात्र कुणाच्या तरी घरी उतरवतात. ते घर कोणतं, यावर गावोगाव कुजबुज होते, कारण नाटकवाल्या बाया घरात म्हणजे दारापुढे बघ्यांची गर्दी. तुझ्या गावात तो प्रश्न कधी आला नाही. मंडळाच्या लोकांनी विचारायच्या आत तू आमच्या पिशव्या उचललेल्या असायच्यास. आम्हाला आत घालून तू बाहेरून कडी लावायचीस आणि ओट्यावर तूर निवडत बसायचीस. रंग न लावलेली हिरॉईन कशी दिसते ते बघायला माणसं यायची, आणि तू एकेकाला परत लावायचीस. अर्धवट झोपेत मला ऐकू यायचं, "झोपल्या आहेत बाया. तुया घरच्या बायले तरी कधी दुपारी झोपू देतस का?" मग बाहेर सगळं शांत व्हायचं. अख्ख्या हंगामात मला गाढ झोप लागायची ती त्या एका दुपारी.

त्या हिवाळ्यात माझा गळा गेला. सालेकशाकडे एका गावात प्रयोग होता. मेलेल्या लेकापुढे आई हंबरडा फोडते तो प्रवेश, आणि माझ्या तोंडातून नुसती हवा आली. लोकांना तो अभिनय वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. सकाळी आवाजच नव्हता. गोंदियाच्या डॉक्टरने घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की गाठी आल्या आहेत. एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, मग बघू. बघू म्हणजे काय, ते मी विचारू शकले नाही. आमच्या मॅनेजरने गोड बोलून माझ्या जागी दुसरी बाई घेतली. भागरथाबाई, मी फार घाबरले होते. मला दुसरं काही येत नाही. आवाज परत आला नाही तर माझं काय उरतं, हे मला दिसत नव्हतं.

घरी गप्प राहता येत नाही, हे तेव्हा मला कळलं. बघायला येणारा प्रत्येक जण कसं वाटतं विचारायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचा. तू फोन केलास तो गावात नाटक कधी आहे ते विचारायला. वहिनीने तुला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोतीरामभाऊ दारात उभे. त्यांनी चहा घेतला, "चाल" म्हणाले आणि माझी पिशवी उचलली. बसमध्ये ते सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. माझ्या दुखण्यावर त्या दिवसांत कुणी केलेला तो सगळ्यांत चांगला उपचार होता.

गावाच्या टोकाला, बोडीला, म्हणजे गावच्या तळ्याला, लागून तुझं घर, घरामागे मेंढरांचा कोठा. तू अंगणात उभीच होतीस. मी काही खुणा करायला हात उचलला तर तू तो धरून खाली केलास. "तू चूप राय," म्हणालीस, "बोलाले मी आहो ना."

आणि शब्दाला जागलीस. पहिले काही दिवस मी नुसती झोपत होते. जाग आली की जेवत होते, जेवले की झोपत होते. बघायला कुणी येणार नव्हतं, तरी तू सवयीने ओट्यावर बसून राहायचीस. मग मी जरा माणसात आले आणि तुझं ते सुरू झालं. सकाळी विचारायचीस, "झोप झाली का वो कुंदे?" आणि माझ्याकडे न बघताच माझं उत्तरही तूच द्यायचीस, "झाली ना वो बाई, मस्त झाली." हे उत्तर माझ्या आवाजात असायचं, म्हणजे तुला वाटायचा तसा माझ्या आवाजात, किनरा, लाडात आलेला. मी जन्मात तशी बोललेली नाही. "भाकर आनखी देऊ का?" "दे ना वो बाई, भल्ली भूक लागली." आणि भाकर ताटात पडायची. लाखोरीच्या डाळीचे वडे, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी, मेंढीच्या दुधाचा घट्ट चहा, या सगळ्याला माझ्या वतीने तू हो म्हणत गेलीस आणि माझं वजन वाढत गेलं. नाटकात दुसऱ्याने लिहिलेले संवाद मला बोलावे लागतात. तुझ्याकडे बोलायचंही काम नव्हतं.

काही दिवसांनी मेंढरं बाहेर निघाली. धान निघून रिकाम्या झालेल्या बांध्यांत शेतकरी मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत मिळावं म्हणून. ज्या बांध्यांत लाखोरी पेरलेली नाही तिथे दोन-चार दिवस कळप बसवायचा, मग पुढच्याच्या शेतात. आपणही मागोमाग, पाल, भांडी, घोंगड्या घेऊन. मी कपाळाला हात लावला. आयुष्य फिरण्यात गेलं म्हणून विसाव्याला तुझ्याकडे आले, तर तूही मला आज या शेताच्या धुऱ्यावर, उद्या त्या शेताच्या धुऱ्यावर हिंडवायला लागलीस. माझं तोंड बघून तुला कळलं असावं. "हे फिरनं नोहे वो," तू म्हणालीस, "हे चरनं होय."

मला तेव्हा ते शब्दांचं खेळवणं वाटलं. पुढे त्यातला फरक अंगाला कळला. आमची गाडी एका गावातून निघते ती पुढच्या गावी वेळेवर पोचण्यासाठी. मधला सगळा मुलूख खिडकीबाहेर पळत जातो. मेंढरांना कुठेही पोचायचं नव्हतं. ती चार पावलं जायची आणि तोंड खाली घालायची. उन्हं चढली की एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहायची, आणि मी मोहाच्या झाडाखाली घोंगडी अंथरून पडायची. बोडीवर पाखरं उतरलेली असायची. दूर कुणी तरी मळणीयंत्र चालवत असायचं. मला कुणी बघत नव्हतं, हे त्यातलं सगळ्यांत मोठं सुख. वयाच्या सोळाव्या वर्षापासून मी रात्री हजार माणसांच्या आणि दिवसा शंभर माणसांच्या नजरेखाली आहे. मेंढी एकदा मान वर करून बघते, हिच्याकडे खायला काही नाही असं ठरवते आणि पुन्हा चरायला लागते. मी केस न विंचरता दिवसच्या दिवस काढले. इतक्या सुखात मी कधी नव्हते, आणि हे तुला मी कधी सांगितलं नाही, कारण सांगण्याच्या लायकीचा आवाज आल्यावर तू ऐकायला थांबलीच नाहीस.

तुझ्या दोन गोष्टींची उत्तरं माझ्याकडे साचली आहेत. पहिली रडण्याची. माझा गळा का बसला याचं निदान तू पाल ठोकता ठोकता केलं होतंस. "गान्यानं गळा बसत नाही," तू म्हणालीस, "रोज खोटं रडतेस म्हून बसला. खरं रडनं पोटातून येते. खोटं गळ्यातून काढा लागते." मी नुसती डोळे वटारून बसले. माझ्या धंद्याला खोटं म्हणणाऱ्या माणसाला मी आजवर सोडलेलं नाही, आणि तुला काही म्हणता येत नव्हतं.

आता ऐक. ते रडणं खोटं नसतं. समोर बसलेल्या बायांत एखादीचं पोर खरंच गेलेलं असतं. घरी तिला रडायला सवड मिळालेली नसते; पाहुण्यांचं बघायचं असतं, नवऱ्याला सावरायचं असतं. ती मंडपात येते, मी रडायला लागते, आणि माझ्या आडून ती आपलं रडून घेते. तूही दरवर्षी बायांच्या पहिल्या ओळीत बसून पदर भिजवायचीस आणि सकाळी मला खोटं म्हणायचीस. तू कुणासाठी रडायचीस ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, आणि तू, जगातलं सगळं बोलणारी, तेवढं एक कधी बोलली नाहीस. पण निदानाचं म्हणशील तर डॉक्टर आणि तू दोघं एकाच औषधावर, गप्प राहण्यावर, आलात, हे मान्य करते.

दुसरी गोष्ट नावाची. मेंढराला नाव ठेवायचं नाही, असा तुझा कडक नियम. नाव ठेवलेलं जनावर विकताना हात मागे येतो, असं तुझं म्हणणं. मला तू बजावलंस, आणि मुक्या बाईला बजावून तू निर्धास्त झालीस. पण मी एकीला नाव ठेवलं होतं. ती जाडी, एका कानाला काप असलेली, जी सगळ्यांच्या पुढे चालायची, दुसऱ्यांच्या तोंडचा पाला ओढायची, आणि सगळा कळप गप्प उभा असताना एकटीच ओरडत राहायची, ती. तिचं नाव मी भागरथा ठेवलं होतं. आता कळलं ना मी मधूनच एकटी का हसायची ते?

हसण्यावरूनच पुढचं सगळं झालं. होळीच्या सुमाराला ऊन चढलं आणि लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायला आपण घरी परतलो. मोतीरामभाऊ आणि मी बोडीत कमरेइतक्या पाण्यात, आणि तू काठावर उभी राहून हुकूम सोडत होतीस. हिला घासा, तिला सोडा, कुंदे, मान धर, मान. मी नेमकी त्या जाडीची मान धरली. तिने एक हिसडा दिला आणि मला घेऊन ती खोल पाण्याकडे निघाली. मी तिच्या पाठीवर आडवी, साडी फुगलेली, तोंडात पाणी. मोतीरामभाऊ मला सोडवायचं टाकून हसत सुटले. मग मलाही हसू आलं, आणि त्या हसण्याला आवाज होता.

चांगला, मोकळा, माझाच आवाज. पाण्यावरून तो पलीकडच्या काठापर्यंत गेला. मी पाण्यात उभी राहिले आणि भीत भीत आणखी एकदा हसले. परत आला. मला कळेना आता रडावं का काय करावं. तुझ्याकडे बघितलं, म्हटलं आता ही सगळं गाव गोळा करणार. तू गप्प उभी होतीस. मी तुला इतकी गप्प कधी पाहिली नव्हती. ती जाडी काठावर चढून तुझ्या अंगावर पाणी झटकून गेली तरी तू हललीस नाहीस.

मग म्हणालीस, "चाल, जाशील तू आता."

संध्याकाळी चुलीपाशी बसलो होतो. डॉक्टरला दाखवल्याशिवाय बोलायचं नव्हतं, म्हणून मी अजून मुकीच. तू बराच वेळ विस्तव सारखा करत होतीस. मग न बघता विचारलंस, "कुंदे, इथंच राहाले येशील ना वो कायमची? काऊन मरतेस गाड्याइनं फिरू फिरू?" मी मान वर केली. पण माझं उत्तर तू नेहमीप्रमाणे देऊनही टाकलंस, त्या किनऱ्या, लाडिक आवाजात. "येतो ना वो बाई. कायले नाही येऊ?" आणि भात उतरवलास. मोतीरामभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. आणि तुझ्या हिशेबी ते ठरून गेलं.

डॉक्टरने आवाज परत दिला. मी पुढच्या दिवाळीला गाडीत चढले. इकडे तू कोठ्याशेजारी खोली बांधायला काढलीस. मला वाटलं होतं, गंमत असेल. पुढच्या वेळी आले तर भिंती छातीएवढ्या झालेल्या. मी तोंड उघडलं, "बाई, मी काय म्हणते..." "खिडकी कोनीकडं पाहिजे ते सांग," तू म्हणालीस, आणि मी सांगायच्या आत, "बोडीकडं ना वो बाई," असं मीच म्हटलेलं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला छपरावर कवेलू चढले होते. मी पुन्हा सुरुवात केली. तू मला खुंट्या दाखवायला ओढत नेलंस, नाटकवालीच्या साड्या इतक्या, त्यांना खुंट्याही जास्त पाहिजेत. मग आरसा आला. मग खाट आली. गावात तू सांगून ठेवलं होतंस की कुंदा आता इथंच राहणार आहे, एवढा हंगाम झाला की. दर हंगामाला तू तेच सांगत होतीस. बाया मला विचारायच्या, कधी येतेस वो राहाले? मी हसायची. तुला नाही म्हणायचं तर आधी तुझं संपायला हवं होतं, आणि तुझं कधी संपायचं नाही.

आणि ते संपलं, भर उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत. ताप होता, दोन दिवसांत गेली, एवढंच मोतीरामभाऊ फोनवर म्हणाले. मग ते बराच वेळ फोन धरून होते आणि मीही. त्यांच्याशी गप्प राहायची मला सवय होती.

मी पोचले तेव्हा अंगणात बाया बसल्या होत्या. मला बघून त्यांनी वाट करून दिली. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. हिची नाटकवाली आली, आता ती रडेल, आणि तिच्याबरोबर आम्ही सगळ्या रडू. मी तुझ्याजवळ बसले. तुझं तोंड मिटलेलं होतं आणि ते मला ओळखू येईना. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मी वाट बघितली, पोटातून येतं का, गळ्यातून येतं का. काहीच आलं नाही. मागे कुणी तरी हळूच म्हणालं, "नाटकात तं भल्ली रडते." मला राग आला नाही. मलाही तेच वाटत होतं. तुला नेलं, मी परत येऊन भांडी घासली, पाणी भरलं, मेंढरांना पाला टाकला. पुढच्या सगळ्या दिवसांत मी तुझ्या घरात तुझ्यासारखी राबले आणि कोरडी राहिले. मधून मधून मला उगीच वाटायचं की तू आतल्या खोलीत आहेस आणि माझ्यावर नजर ठेवून आहेस.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायला तयार झाले. मोतीरामभाऊ कोठ्यापाशी उभे होते. त्यांना काही बोलायचं होतं, आणि त्याची तयारी करायला त्यांना वेळ लागत होता. मी पिशवी खाली ठेवली.

"एक इचाराचं होतं कुंदा," ते म्हणाले. "पानी येईल आता. कोठ्यात ओल चढते, पिल्लायचे खूर सडतात. कोरडी जागा हेच एक आहे." त्यांनी तुझ्या खोलीकडे, म्हणजे माझ्या खोलीकडे मान केली. "पन ती म्हने तू येनार आहेस राहाले. येशील तं खोली तशीच ठेवतो. पिल्लायचं पाहू कुठी."

मी आत डोकावले. खाटेवर घोंगडी घडी घालून ठेवलेली होती. खिडकीतून बोडी दिसत होती, पाणी पार तळाला गेलेली. खुंट्या रिकाम्या. चांगली खोली होती, भागरथाबाई. मला कुणी कधी खोली बांधून दिलेली नाही. एकदा मनात आलं, राहावं. आणि दुसऱ्याच क्षणी दिवाळीनंतरची गाडी आठवली, मागच्या सीटवर पेटीवर डोकं टेकून झोपलेल्या बाया, नवं गाव आलं की सगळ्यांनी एकदम बाहेर डोकावणं, पडद्याआड उभं राहिल्यावर बाहेरचा तो गलका. ते मला हवं आहे. तुझ्याकडे विसावले ती त्याच्याकडेच परत जाण्यासाठी, आणि तू दिलेल्या विसाव्याचीच ती करामत की मला परत जाता आलं. मी तोंड उघडलं आणि सवयीने थांबले, तू मध्ये बोलशील म्हणून. कुणीच बोललं नाही.

"नाही भाऊ," मी म्हणाले. "मी राहाले नाही येत. मले फिरनंच आवडते. पिल्लं ठेवा खोलीत." मग म्हणाले, "थकलो का येईन. पिल्लायच्या बाजूले पडीन."

"बरं," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांना बहुतेक पहिल्यापासून माहीत होतं. त्यांनाही तू बोलायला जागा दिली नसशील. "मंग खाट बाहेर घेऊ," ते म्हणाले.

आम्ही दोन्हीकडून खाट उचलली. दार अरुंद आहे, तुझ्या घाईत बांधलेलं, म्हणून ती तिरपी करावी लागली. मी पुढे होते आणि उंबऱ्यात मला रडू आलं. ते पोटातून आलं, बाई, गळ्याला त्यात काही काम नव्हतं. तुला उत्तर द्यायचं राहिलं होतं तोवर तू कुठे तरी कान लावून बसलेली होतीस. मी नाही म्हणाले, आणि तू गेलीस. मी खाट हातात धरून दारात उभी राहून रडत होते, आणि मोतीरामभाऊ पलीकडचं टोक धरून आत उभे होते. खाली ठेव म्हणाले नाहीत, चल म्हणाले नाहीत. माझं होईपर्यंत ते तसेच धरून उभे राहिले.